पीअर वर्करला साथ कशी द्यायची? मुंबईतून सतत येणारे प्रश्न

मी मुंबईत पीअर वर्करांची सुपरव्हायझर म्हणून काम करते. संस्था चालवणारे, रुग्णालयांतले सोशल वर्कर, काही मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वतः पीअर मंडळी मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र लिहिले आहेत. जिथे कायदा सांगितला आहे तिथे कायदा आहे. बाकीचं कामातून झालेलं माझं मत आहे.

१. पीअर वर्कर म्हणजे नेमकं कोण? समुपदेशकच ना तो?

नाही. ज्याने मनाचा आजार स्वतः भोगला आहे, उपचार घेतले आहेत किंवा अजून घेतो आहे, आणि त्या अनुभवाच्या बळावर दुसऱ्या आजारी माणसाला सोबत करण्याची नोकरी करतो, तो पीअर वर्कर. तो निदान करत नाही, थेरपी देत नाही, गोळ्या कमीजास्त करायला सांगत नाही. ओपीडीत सकाळी केस पेपर काढून तीन तास बाकावर बसलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या मुलाशेजारी तो जाऊन बसतो आणि म्हणतो, "माझंही नाव इथेच पुकारलं जायचं." मग तो मुलगा डॉक्टरांना कधीच न विचारलेलं विचारायला लागतो. गोळीने लाळ गळते ती थांबते का? नोकरी टिकते का? होणाऱ्या बायकोला सांगितलं होतं का?

महाराष्ट्रातल्या स्वमदतगटांनी रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द रुजवले आहेत. त्या भाषेत सांगायचं तर पीअर वर्कर हा दुसऱ्या शुभार्थीला हात देणारा शुभार्थी.

२. हे परदेशी खूळ आहे का? आपल्याकडे चालेल?

आपल्याकडे ते केव्हापासून चाललंय. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे तिथे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात १९३५ची, अमेरिकेतली, पण मुंबईत त्यांच्या मराठी मीटिंगा भरतात आणि तिथे एक दारुडाच दुसऱ्याला सावरतो. आणखी मागे जायचं तर अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात झां-बातीस्त प्युसँ हा कारभारी होता. तो स्वतः आधी तिथला रुग्ण. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच तो सेवक म्हणून कामावर घेई, कारण ती माणसं इतरांवर हात उगारत नसत. पगारी पीअर वर्करांना सरकारी आरोग्य योजनेतून पैसे देण्याची सुरुवात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९९९ मध्ये झाली, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीअर सेवांबद्दल स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

३. माणूस 'पूर्ण बरा' झालेला असावा का? फिटनेस सर्टिफिकेट मागावं का?

पूर्ण बरं होण्याची अट घातली तर मधुमेही डॉक्टरालाही ओपीडीत बसता येणार नाही. आम्ही तीनच गोष्टी बघतो. स्वतःच्या आजाराबद्दल बोलताना तो वाहून जातो की थांबू शकतो? दुसऱ्याचा रस्ता आपल्यापेक्षा वेगळा असेल हे त्याला पटतं का? आणि अडचणीत कोणाला फोन करायचा हे त्याला ठाऊक आहे का? इतर कर्मचाऱ्यांकडून फिटनेस मागत नसाल तर त्याच्याकडूनही मागू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ स्पष्ट सांगतो की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही. ते ठरवायचं तर सक्षम न्यायालयाने.

४. मानधन द्यावं की पगार? त्यांना कामात समाधान मिळतं, पैशांचं एवढं नसतं असं आमच्या ट्रस्टींचं म्हणणं आहे.

पगार. समाधानावर बदलापूर-परळचा पास निघत नाही. 'मानधन' या शब्दाआड आपण रजा, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची सुट्टी हे सगळं टाळतो, आणि ज्या माणसाला आजारपणाच्या सुट्टीची सगळ्यांत जास्त गरज पडू शकते त्यालाच ती देत नाही. दर भेटीमागे पैसे देण्याची पद्धत तर मला अघोरी वाटते. ताप आला, डोकं बधिर झालं तरी माणूस येतो, कारण न आल्यास त्या दिवसाचे पैसे गेले. संस्थेतला ज्युनिअर सोशल वर्कर आणि पीअर यांच्या पगारात तफावत असेल तर ती का आहे हे पीअरला तोंडावर सांगता येईल का, एवढं स्वतःला विचारा.

५. जॉइन झाल्यावर पहिल्या महिन्यात काय तयारी करायची?

खरी तयारी पीअरच्या आधी टीमची करायची असते. तो येण्यापूर्वी डॉक्टर, सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, केस पेपर खिडकीवरचे क्लार्क, सगळ्यांसोबत एकदा बसा. हा माणूस कोण, काय करणार, काय नाही करणार, ते सांगा. त्यांच्या शंका तेव्हाच निघू द्या.

मग किल्लीचं बघा. हसू नका. एका रुग्णालयात आमची पीअर दोन महिने रुग्णांच्या संडासात जात होती, कारण स्टाफच्या संडासाची किल्ली सिस्टरच्या टेबलावर असायची आणि ती मागायची तिला भीड पडायची. तिला कोणी नाही म्हटलं नव्हतं. फक्त कोणी दिलीही नव्हती. तिच्या बॅगेत डबा, पाण्याची बाटली आणि छत्री दिवसभर खांद्याला लटकलेली, कारण लॉकर नव्हता. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही पावसात तिची बॅग भिजली म्हणून. तेव्हापासून माझ्या यादीत पहिल्या दिवशी चार गोष्टी असतात: ओळखपत्र, लॉकर, संडासाची किल्ली, चहाच्या हिशोबात नाव.

६. सुपरव्हिजन कोणी करावी? आमचे मानसोपचारतज्ज्ञ तयार आहेत.

तेच डॉक्टर पीअरवर उपचार करत असतील तर अजिबात नाही. बॉस आणि डॉक्टर एकच झाला की पीअर दोघांशीही खरं बोलणार नाही. झोप लागत नाही हे सांगितलं तर उद्याची ड्युटी जाईल, ही भीती राहते.

हजेरी, रजा, कामाचं वाटप हे एकाने बघावं आणि मनावर काय साचलं ते ऐकायला दुसरं कोणी असावं. दोन माणसं नसतील तर निदान दोन वेगळ्या वेळा ठेवा. पहिले सहा महिने आठवड्याला एक तास, पुढे पंधरा दिवसांनी. महिन्यातून एकदा वेगवेगळ्या ठिकाणचे पीअर एकत्र भेटावेत, त्यात आपण नसावं. मुंबईत खोली मिळत नाही ही तक्रार मला मान्य आहे. आम्ही कित्येक महिने रेकॉर्ड रूममध्ये, छतापर्यंत गेलेल्या फायलींमध्ये दोन स्टुलं टाकून बसायचो. पंख्याखाली धूळ उडायची, पण दार लागायचं. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या "काय, ठीक ना सगळं?" याला सुपरव्हिजन म्हणत नाहीत.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "या आठवड्यात कोणाचं बोलणं तुझ्याबरोबर घरी आलं?" बहुतेक वेळा एकच नाव येतं, आणि तो तास त्यातच जातो. तुझी तब्येत कशी आहे, गोळ्या चालू आहेत ना, हे मी विचारत नाही. का, ते पुढच्या प्रश्नात.

७. टीम त्यांना बरोबरीचं मानत नाही. काय करावं?

एक प्रसंग सांगते. केस मीटिंग चालू होती. एका रुग्णाच्या कागदावर 'औषध टाळतो' असा शेरा होता. आमचा पीअर म्हणाला, "तो रात्रीचा वॉचमन आहे. रात्रीची गोळी घेतली की खुर्चीतच झोपतो, मागच्या महिन्यात सुपरवायझरने पकडलं. नोकरी जाईल म्हणून घेत नाही. वेळ बदलून देता येईल का?" टेबलावरच्या वरिष्ठांनी त्याच्याकडे प्रेमाने बघितलं आणि विचारलं, "तुझी झोप नीट होतेय ना रे?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या एका वाक्यात सहकाऱ्याचा रुग्ण झाला. त्याने शोधून आणलेली माहिती गेली आणि त्याची लक्षणं टेबलावर आली. मी तिथेच होते आणि गप्प बसले, याची मला आजही खंत आहे. पुढचे तीन आठवडे तो मीटिंगमध्ये एक शब्द बोलला नाही.

आता आमचा लेखी नियम आहे. पीअरच्या तब्येतीबद्दल काळजी असेल तर ती त्याच्याशी एकट्याने, मीटिंगबाहेर, त्याची परवानगी घेऊन बोलायची. मीटिंगमध्ये त्याने मांडलेल्या मुद्द्यावरच बोलायचं. आणि नियम मोडला तर त्याच वेळी थांबवायचं काम सुपरव्हायझरचं, पीअरचं नव्हे. कोणाला एकेरी, कोणाला आदराने हाक मारतो याकडेही लक्ष द्या. सोशल वर्करला 'मॅडम' आणि त्याच वयाच्या पीअरला 'ए रमेश' असं चालत असेल तर रुग्णांनाही ते दिसतं. (आपुलकीने होणाऱ्या अरे-तुरेबद्दल मी बोलत नाही. तो फरक सगळ्यांना कळतो.)

८. ड्युटीच्या वेळेत सवलत दिली तर बाकीचे कुरकुरतात. किती द्यावी?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात मानसिक आजार येतो. सरकारी आस्थापनेवर दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोयी करण्याचं बंधन आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करणं अपेक्षित आहे. तेव्हा 'सवलत' हा शब्दच आधी सोडा.

काय लागतं ते औषधांवरून बघा. क्वेटियापिन किंवा ओलान्झापिन रात्री घेणाऱ्याची सकाळ जड असते. त्याला कल्याणहून सातची लोकल पकडून आठला वॉर्डात उभं राहणं जेवढं जड पडतं, तेवढं दहाला येणं पडत नाही. गर्दीही थोडी ओसरलेली असते. लिथियमवर असलेल्याची रक्ततपासणी शेवटच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी करतात, म्हणजे सकाळीच, म्हणजे काही महिन्यांतून एक सकाळ त्याला मोकळी हवी. क्लोझापिन नव्याने सुरू झालेल्याला सुरुवातीला दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायला जावं लागतं. रात्रपाळी बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी असा आजार) असलेल्या माणसाला देऊच नये असं माझं ठाम मत आहे. झोप मोडली की आजार दार ठोठावतो.

कुरकुरणाऱ्यांना पीअरचं निदान सांगून गप्प करू नका. शाळेच्या वेळेमुळे उशिरा येणाऱ्या सिस्टरला वेळ बदलून मिळते, तशीच ही.

९. स्वतःची गोष्ट किती सांगायची? आमची पीअर प्रत्येकाला सगळं सांगते आणि मग घरी जाऊन रडते.

तिला कुणीतरी 'तुमचा अनुभव हीच तुमची ताकद' असं सांगितलं असणार आणि तिथेच सोडून दिलं असणार. आम्ही एक कसोटी शिकवतो: हे मी याच्यासाठी सांगतेय की माझ्यासाठी? दोन्ही उत्तरं चालतात, पण माझ्यासाठी असेल तर जागा सुपरव्हिजनची. शिवाय प्रत्येकीच्या गोष्टीत एखादी खोली असते जिचं दार बंदच ठेवायचं असतं. ती कोणती हे तिने आधीच ठरवून ठेवावं, म्हणजे कुणी विचारलं की तिथल्या तिथे गोंधळ उडत नाही. दोन मिनिटांची एक छोटी गोष्ट तयार ठेवायला मदत करा. रोजच्या कामाला ती पुरते.

१०. रुग्ण रात्री व्हॉट्सॲप करतात. नंबर द्यावा का?

खाजगी नंबर नाही. संस्थेचा फोन, संस्थेचं सिम, संध्याकाळी सहानंतर बंद. हे पीअरने एकट्याने सांगायला लावू नका, भिंतीवर लावा. त्याच्याच गल्लीतला, चाळीतला रुग्ण असेल तर ही भिंत टिकत नाही. तेव्हा तो रुग्ण दुसऱ्या सोबत्याकडे द्या. रात्री कोणाला बोलायची गरज पडली तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.

११. रुग्णाने जीव द्यायचं बोलून दाखवलं आणि 'कोणाला सांगू नको' म्हटलं तर?

हे ओझं पीअरने एकट्याने वाहायचं नाही, आणि हे पहिल्याच भेटीत रुग्णाला कळलेलं असावं. आमचे पीअर सुरुवातीलाच म्हणतात, "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी डॉक्टरांना सांगेन. आधी तुला सांगेन, मग त्यांना." २०१७च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि जिवाला धोका असताना माहिती देण्याची सूटही आहे. त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि तिच्यावर खटला चालवत नाहीत. पोलिसांच्या भीतीने गप्प बसलेल्या घरच्यांना हे सांगितल्यावर ती माणसं बोलायला लागतात.

सुपरव्हायझरचा फोन त्या वेळी उचललाच गेला पाहिजे. तो उचलला जाणार नसेल तर पीअरला या कामावर पाठवायचा आपल्याला अधिकार नाही.

१२. आमच्या पीअरच्या सोबतीतल्या रुग्णाने आत्महत्या केली. त्याला कसं सावरायचं?

त्याला ही बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळू देऊ नका. समोर बसून सांगा. त्या दिवशी कामातून मोकळं करा, पण घरी एकट्याला पाठवून देऊ नका. विचारा, कुठे थांबायचंय. पहिल्या दिवसांत 'माझंच काहीतरी चुकलं' आणि 'म्हणजे मीही वाचणार नाही' हे दोन विचार येतात. दुसरा पीअरच्या मनात विशेष येतो आणि तो कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी स्वतःच विचारते.

एका पीअरला दहाव्याला जायचं होतं. घरच्यांना चालेल का, हे आधी विचारलं, मग आम्ही दोघी गेलो. घाटावर मृताच्या आईने तिचा हात धरून ठेवला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. परतीच्या बसमध्ये आम्ही काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात तिने नवीन रुग्ण घेतले नाहीत, जुन्यांनाच भेटली. तेवढा वेळ तिला लागला, आणि तो पगारीच होता.

१३. पीअर रुग्णांना 'मीही गोळ्या सोडल्या होत्या' असं सांगतो. डॉक्टर भडकले आहेत.

सोडल्या होत्या हे खरं असेल तर ते सांगण्यात गैर नाही, त्यानंतर काय झालं तेही सांगावं. 'तूही सोड' हे मात्र नाही, आणि 'मुकाट्याने घे' हेही नाही. पीअर केस पेपरच्या मागे रुग्णाबरोबर डॉक्टरांसाठी तीन प्रश्न लिहितो: वजन वाढतंय, डोस बदलता येईल का, किती दिवस घ्यायच्या. आत जाऊन ते विचारायला सोबत करतो. भडकलेल्या डॉक्टरांना सांगा की लपून सोडण्यापेक्षा हे बरं.

१४. घरचे म्हणतात लग्न जमायचंय, नाव कुठे येता कामा नये. पण कामच तसं आहे.

ओळखपत्रावर काय लिहायचं हे त्याला विचारा. 'कम्युनिटी वर्कर' लिहिलं तरी काम होतं. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे फोटो टाकताना दर वेळी नव्याने परवानगी घ्या, जुनी सही धरू नका. आज हो म्हणणाऱ्याला उद्या नाही म्हणता आलं पाहिजे, आणि मग टाकलेला फोटो खरोखर हटवलाही गेला पाहिजे. घरच्यांशी बोलायचं का, हेही त्यानेच ठरवायचं.

१५. काम नीट होत नसेल तर काढता येतं का? फार अपराधी वाटतं.

येतं. उशिरा येणं, नोंदी न ठेवणं, रुग्णाकडून पैसे घेणं, याला जे इतर कर्मचाऱ्यांना तेच. दयेपोटी वर्षभर काही न बोलता एक दिवस अचानक कॉन्ट्रॅक्ट न वाढवणं हे मात्र क्रूर आहे. वेळेवर, स्पष्ट सांगा. आजारामुळे होत असेल तर प्रश्न १६.

१६. पीअर पुन्हा आजारी पडला तर?

पडू शकतो, आणि त्यात तुमचा प्रयोग फसला असं काही नाही. तो बरा असतानाच एक कागद करून ठेवा. आम्ही त्याला नुसतं 'माझा कागद' म्हणतो. बिघडायला लागलं की आधी काय दिसतं, कोणी सांगितलेलं मी ऐकेन, कोणाला फोन करायचा, कोणाला अजिबात नाही, कोणतं काम आधी काढून घ्यायचं, परत कसं यायचं. एकाने लिहिलं होतं, "मी मावशींनासुद्धा सर म्हणायला लागलो की समजा तीन रात्री झोप नाही." ते वाक्य आम्हाला पुढच्या वर्षी उपयोगी पडलं. कागद त्याच्याकडे राहतो, प्रत तो म्हणेल त्यालाच. उपचार कसे हवेत आणि कसे नकोत याची आगाऊ सूचना लिहिण्याचा आणि नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा हक्क २०१७च्या कायद्याने दिला आहे, त्यासाठी मात्र कायद्याने ठरवलेली पद्धत वापरा.

रजेच्या काळात जागा भरू नका. टीमला काय सांगायचं हे तो ठरवेल. 'गावी गेलाय' म्हणायचं असेल तर तेच. परतताना पहिला आठवडा दोन अर्धे दिवस, मग वाढवत न्या, आणि पहिल्या दिवशी कोणीतरी स्टेशनवर भेटून सोबत आत या.

१७. तिला आमच्याच वॉर्डात दाखल करायची वेळ आली तर?

शक्यतो दुसरं रुग्णालय. आपल्या भागात केईएम, सायन, नायर, जेजे, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय असे पर्याय आहेत आणि कुठे जायचं हे तिने बरं असतानाच कागदावर लिहिलेलं असावं. ते जमलं नाही तर दुसरं युनिट, दुसरे डॉक्टर. तिच्या हाताखालून गेलेले रुग्ण त्याच वॉर्डात असतील, त्यांना काय सांगायचं हे तिला विचारून ठरवा. टीमपैकी भेटायला कोण येईल हेही तिनेच सांगावं. सगळ्यांनी प्रेमाने खाटेभोवती गोळा होणं तिला नको असू शकतं.

तिचा केस पेपर उपचार करणाऱ्यांशिवाय कोणीही उघडायचा नाही. 'सहज बघितला' हा गोपनीयतेचा भंगच आहे, आणि तो नियम तिच्या डिस्चार्जनंतर, ती पुन्हा कामावर आल्यावरही तसाच चालू राहतो. ओळखपत्र जमा करून घेऊ नका. लॉकर रिकामा करू नका.